एका फोटोत न मावलेली आत्या

सिद्धेश्वरीच्या दुकानात मी रोज सकाळी जाऊन बसतो. शाळेत कारकुनी करून निवृत्त झालो, पण लोकांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्याशिवाय अजून मला चहा गोड लागत नाही. आणि लग्नपत्रिकांत सापडतात तेवढ्या चुका दुसरीकडे कुठे सापडत नाहीत.

दुकान म्हणजे एक संगणक, एक प्रिंटर आणि रस्त्यापलीकडं ऐकू जाणारं तिचं हसणं. पूर्वी ती छापखान्यात पत्रिकांना घड्या घालायची. घड्या घालता घालता तिथला संगणक शिकली आणि नवऱ्याच्या मागं लागून स्वतःचं दुकान थाटलं. आता लोक पत्रिका छापतात त्या देवापुढं ठेवण्यापुरत्या. बाकीच्यांना मोबाइलवर. त्यामुळं पीडीएफचा फोटो करून देणं हेच तिचं मुख्य काम झालंय. सरळ पीडीएफ पाठवायला काय धाड भरते, असं मी तिला कितीदा तरी सुनावलं असेल.

"पीडीएफ कोण उघडतंय सर? फोटो कसा, बोट न लावता दिसतोय की," ती म्हणते.

मला हे पटत नाही. पण माझ्या पुतण्याच्या मुलाच्या बारशाची पीडीएफ मीही अजून उघडलेली नाही.

गेल्या वैशाखात ओळखीतला चन्नवीर स्वतःच्या लग्नाची पत्रिका करायला आला. पत्रिका चार पानी, नावं ढीगभर. "अक्का, सगळं एकाच फोटोत बसव. चार चार फोटो कोण बघत बसतंय," म्हणाला. अक्षरं मोहरीएवढी होतील, असं मी बजावलं. दोघांनीही ऐकलं नाही. फोटो भावकीच्या ग्रुपवर गेला.

दोन दिवसांनी तो परत आला, तो तोंड पाडूनच. त्याची आत्या गंगम्मा मंगळवेढ्याला असते. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून याला तिनंच वाढवलं. आत्याचं नाव होतं शेवटच्या पानावर. फोटोत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असलेली काकामंडळी तेवढी दिसत होती आणि आत्याच्या जागी नुसती पुसट रेघ. तिनं फोन केला, "माजं नाव पुसलंस व्हय रं? बरं केलंस. मी न्हाय येत."

"मग छापलेली पत्रिका दाखव की जाऊन," मी म्हणालो.

"काल जाऊन आलो सर. म्हणती, ही मला दावायला नवी छापलीस. गावानं बघितली त्यात माजं नाव कुटं हाय?" त्याचे डोळे भरून आले. "हळदीला पहिला हात तिचा लागायला पायजे. ती न्हाय आली तर कसलं लग्न अक्का?"

सिद्धेश्वरीचं हसणं बंद झालं. मला ते अजिबात बघवेना.

"चूक माजीबी हाय," ती म्हणाली आणि संगणकापुढं बसली. हळदीच्या रंगावर मोठमोठी अक्षरं उमटायला लागली. 'मी गंगम्मा. माज्या हातानं वाढवलेल्या माज्या चन्नवीरचं लगीन हाय. मंगळवेढ्यातल्या सगळ्यांनी यायचं. मी वाट बगते.' खाली तारीख आणि कार्यालयाचं नाव. एकही काका नाही, एकही मामा नाही.

"आत्याला आमंत्रण द्यायचंच न्हाय," ती म्हणाली. "आमंत्रण तीच देणार. टाक ग्रुपवर, सगळ्यांदेखत."

इतक्या चुका मी एका फोटोत कधी पाहिल्या नव्हत्या. तरी चष्मा काढून खिशात ठेवला.

दुपारपर्यंत फोन वाजला नाही. चन्नवीर बाकावरून उठेना आणि मीही जेवायला घरी गेलो नाही. शेवटी वाजला एकदाचा. त्यानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"चन्नू," आत्या म्हणाली, "मी सगळ्या गल्लीला पाठवलाय. किती माणसं आणू रं?"

तीन जीप भरून माणसं आली. आचाऱ्याला दोनदा भात टाकावा लागला, शेंगाचटणी तर पहिल्याच पंगतीत संपली. चन्नवीरच्या गालाला हळदीचा पहिला हात लागला तो गंगम्माचा. मी पुढच्या रांगेत बसून सगळं डोळे भरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः दुकानात आली. फोन पुढं करून म्हणाली, "पोरी, ह्येचा कागद करून दे. फोनात रोज लोकांचं गुड मॉर्निंग येतंय. माजं ह्ये मागं मागं चाललंय."

रोज कागदाचे फोटो करणारी सिद्धेश्वरी रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशी हसली. जाड कागद शोधून तिनं फोटो छापून दिला. आत्यानं तो हात लांब करून धरला, स्वतःच्या नावाखाली बोट ठेवलं आणि सगळं मोठ्यानं वाचलं. मग कागद माझ्यापुढं केला.

"तुमी सर हाय न्हवं? बगा की, काय चुकलं तर न्हाय?"

मी चष्मा लावला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सावकाश वाचलं.

"काही चुकलं नाही," मी म्हणालो.