तिसरी होडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, थोरल्या भावाजवळ नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही ही एक गोष्ट मनात बाजूला सारून ठेवली. तुम्हाला सांगतोय, कारण — नाही, कारण काही नाही. सांगतोय, बस्स.

पण आधी होड्यांचं सांगू द्या. त्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही. आणि खरं बोलायला बसलोच आहे, तर हेही ऐका — त्या होड्यांचा मला आजही अभिमान वाटतो. तो कशाला लपवू?

धाराशिवात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शिक्षण सातवीपर्यंत, तेही उर्दूतून. हैदराबादेत एका वर्कशॉपमध्ये हुन्नर शिकलो आणि संस्थान विलीन झाल्यावर गावी परतलो. सोलापूरच्या जुन्या बाजारात लष्करानं मोडीत काढलेलं सामान मिळायचं. त्यातले व्हॉल्व्ह आणि रिले आणून मी बिनतारी होडी बनवली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली, हातभर लांब. आत बॅटरीवरची मोटर आणि माझ्या हातानं जोडलेला रिसीव्हर. काठावर ट्रान्समीटर घेऊन मी. त्याला बटण एकच. दाबून धरलं की सुकाणू उजवीकडं, सोडलं की सरळ. पुन्हा दाबलं की डावीकडं, सोडलं की सरळ. उजवं, डावं, उजवं, डावं — हा क्रम काही बदलायचा नाही. आपण कितव्यांदा दाबतोय ते मनात मोजत राहायचं, एवढंच.

मग मी दुसरी होडी केली. लोक विचारायचे, हिच्यासाठी दुसरा ट्रान्समीटर कुठाय? कशाला पाहिजे? हाक एकानं मारली तर ऐकणारे कितीही असू शकतात. दुसऱ्या होडीत तसाच रिसीव्हर बसवला, दोन्ही एकाच लहरीवर जुळवले. बटण दाबलं की तलावात दोन्ही होड्या एकदम वळायच्या. जोडीनं, एका अंगानं. शंभर कोसांत असं कुणी केलं नव्हतं. तुम्हाला ही बढाई वाटते का? वाटू द्या.

सुरवसे मास्तर त्या होड्या बघूनच माझ्याकडं यायला लागले. मूळचे अणदूरचे, हायस्कुलात गणित शिकवायचे. शेतकऱ्याच्या घरातले पहिले पदवीधर. शाळा सुटली की सायकल दुकानासमोर लावायचे आणि बाकावर बसायचे. "गणपतराव, मला शिकवा," म्हणाले. पदवीधर माणूस सातवी शिकलेल्याला शिकवा म्हणतो — मी फुगलो नसेन का? सोल्डरिंगपासून सगळं शिकवलं. माझाच जोडणीचा नकाशा उतरवून घेऊन त्यांनी रिसीव्हर आणि स्वतःचा ट्रान्समीटर जोडला, माझ्या कॉइलीला होते तेवढेच वेढे मोजून दिले. होडी मात्र त्यांनी पांगाऱ्याच्या लाकडाची केली. हलकी, तासून तासून गुळगुळीत केलेली. पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हा मी "छान" म्हणालो. ती माझ्या दोन्ही होड्यांपेक्षा चांगली होती. हे मी बघितलं, आणि — तेव्हापासूनच काहीतरी बिघडलं असावं.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरलं. आमच्या होड्यांचा कार्यक्रम गावाबाहेरच्या तलावावर ठरला. शिक्षण खात्याचे एक साहेब येणार होते आणि एकाचं काम निवडून औरंगाबादला पाठवणार होते. एकाचंच.

सकाळी मी आणि मास्तर लवकरच तलावावर गेलो. मास्तरांनी आपली होडी चालू करून काठावर ठेवली आणि वडिलांना आणायला एसटी स्टँडवर गेले. मी माझा ट्रान्समीटर तपासायला बटण दाबलं. माझ्या होड्या अजून पेटीतच होत्या. पण काठावर ठेवलेल्या मास्तरांच्या होडीचं सुकाणू वळलं.

नकाशा एक, वेढे तेवढेच, लहर तीच. दुकानात आम्ही नेहमी एकच ट्रान्समीटर चालू ठेवायचो, म्हणून कधी ध्यानात आलं नव्हतं. उपाय अगदी सोपा होता. मास्तर आले की सांगायचं — तुमची पाळी असेल तेव्हा मी माझा बंद ठेवतो. एवढं एक वाक्य. मास्तर आले, वडिलांची ओळख करून दिली. म्हाताऱ्यानं मला हात जोडले, "माझ्या पोराचे गुरू म्हणायचे तुमी." आणि ते वाक्य मी बोललो नाही.

तलावात दोन बांबू रोवले होते. त्यांच्या मधून होडी काढायची, उजव्या बांबूला वळसा घालून परत आणायची. पहिली पाळी मास्तरांची. काठावर शाळेची पोरं, मास्तरमंडळी, गावातले लोक, खुर्चीवर साहेब. होडी निघाली. मास्तरांचे ओठ हलत होते, ते मोजत होते. एक वळण झालं, दुसरं झालं. होडी बांबूंच्या मधून अशी गेली, जशी हातानं नेऊन सोडावी. लोक वाहवा करायला लागले. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

माझा ट्रान्समीटर पुढ्यात होता, चालू. अंगठा बटणावर होता. मी एकदा दाबलं. एकदाच, आणि लगेच सोडलं. होडी जराशी थरथरली आणि पुन्हा सरळ झाली. कुणाला काही दिसलं नाही. पण क्रम एका घरानं पुढं सरकला होता, आणि ते फक्त मला माहीत होतं.

मास्तरांनी उजव्या वळणासाठी बटण दाबलं. होडी डावीकडं गेली. त्यांनी सोडलं, पुन्हा दाबलं, आता ती उजवीकडं वळली. पण तोवर त्यांचा मेळ तुटला होता. आपण कितव्या दाबाला आहोत हेच त्यांना कळेना. ते भराभर दाबायला लागले. होडी वेड्यासारखी नागमोडी फिरली आणि लव्हाळ्यात जाऊन अडकली. पोरं हसली. पोरांना काय कळतं? पण ती त्यांच्याच वर्गातली पोरं होती.

एकानं पाण्यात उतरून होडी काढून आणली. म्हातारा माझ्याजवळ आला. मास्तरांना नाही, मला विचारलं, "माझ्या पोराचं काय चुकलं व्हय, साहेब?"

मी म्हणालो, "होतं कधी कधी."

आता माझी पाळी. माझ्या दोन होड्या मी पाण्यात ठेवत होतो, तेवढ्यात मास्तर आपली होडी पुसत पुसत आले. चेहरा उतरलेला, पण हसत होते. म्हणाले, "गणपतराव, तुमच्या दोघींसंगं हिलाही सोडा. माझा रिसीव्हर तुमचाच नकाशा, ऐकेल तुमचं. बाबा अणदूरहून आलेत. निदान एकदा नीट चाललेली बघू देत त्यांना."

नाही म्हणायला जागा होती का? होती की. पण तीन होड्या एका बटणावर — मला मोह आवरला नाही. तिन्हींची सुकाणू एका घरावर आणली आणि सोडल्या.

काय चालल्या त्या! तिन्ही एकदम उजवीकडं, तिन्ही एकदम सरळ. पत्र्याच्या दोन आणि मधोमध पांगाऱ्याची, एका रांगेत बांबूंमधून गेल्या, एकीलाही धक्का न लागता वळसा घेतला, परत आल्या. माझा एकही दाब चुकला नाही. लोक ओरडत होते. साहेबांनी माझा हात हातात घेतला. त्या क्षणी मला शरम वाटली असेल असं तुम्हाला वाटतं? नाही वाटली. छाती भरून आली होती. आयुष्यात पुन्हा तसा आनंद झाला नाही.

आणि कुणी विचारच केला नाही, की जी होडी इतकी नीट ऐकते, तिच्यात मघाशी बिघाड कुठला? एकानं केला. म्हातारा शेतकरी मोठ्यानं म्हणाला, "सोन्यासारखी चालली की! मग तुझ्याच्यानं का न्हाय चालली?"

मास्तर म्हणाले, "होडी चांगलीच आहे, बाबा. मोजणारा चुकला."

मी तिथंच उभा होतो. दोन हातांच्या अंतरावर.

औरंगाबादला मी गेलो. शाल मिळाली, पेपरात चार ओळी आल्या, काही वर्षांनी सरकारी नोकरीही लागली. हुन्नर माझाच होता, त्यात खोट नव्हती.

मास्तरांनी होडी मला देऊन टाकली, पुन्हा हत्याराला हात लावला नाही. दुकानात मात्र येत राहिले, तसेच बाकावर बसत राहिले. एकदा त्यांच्याच एका सहकाऱ्यानं हसत सांगितलं, की सुरवसे आता परीक्षेच्या गुणांची बेरीज स्वतः करत नाहीत. दुसऱ्याकडून करून घेतात, मग पुन्हा एकदा तिसऱ्याला दाखवतात. गणिताचा मास्तर! सगळे हसले. मीही हसलो.

पुढं त्यांची लोहाऱ्याला बदली झाली. निघायच्या दिवशी भेटायला आले. मी चहा मागवला. दुकानात आम्ही दोघंच होतो, एसटीला अवकाश होता, बोलायला भरपूर वेळ होता. मी पावसापाण्याचं बोललो. उठताना ते म्हणाले, "तुमच्यासारखं चित्त पाहिजे, गणपतराव. माझं ऐन वेळेला सुटतं." मी त्यांची पिशवी स्टँडपर्यंत नेऊन दिली.

ते वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आपलं चित्त सुटतं, असं मानूनच गेले असतील.

सुटलं नव्हतं. त्या दिवशी सुरवसे मास्तर एका आकड्यानंही चुकले नव्हते. मधला तो एक दाब माझा होता.