लाल स्मारक, काळा समुद्र

मला गर्दी सोसत नाही. नगरच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, पण महाबळेश्वरला गेले ती भर पावसात आणि कोकणात गेले ती पर्यटक परतल्यावर. मोसम संपला की समुद्राकडची खोली मिळते आणि हॉटेलवाला जेवताना समोर बसून गप्पा मारतो. निवृत्त झाल्यावर मी बल्गेरियाला जायचं ठरवलं, तेही फेब्रुवारीत. काळा समुद्र नकाशावर पोरांना दाखवून दाखवून माझा स्वतःचा बघायचा राहिला होता.

हे मी कोपरगावला थोरल्या बहिणीकडे जेवताना बोलले आणि तिथंच फसले. माझे दाजी साखर कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे पक्के लाल बावटेवाले. कारखाना सुटला, बावटा सुटला नाही. त्यांनी घास हातातच धरला.

"बल्गेरिया? म्हंजी आपल्याच लोकांचा देश की हो, मास्तरीणबाई!"

"होता, दाजी. ते राज्य जाऊन कैक वर्षं झाली."

"राज्य जातंय. लोकं कुटं जात्यात?"

मग त्यांनी मोबाईलवर शोधून एक फोटो काढला. समुद्राकाठच्या एका टेकडीवर सिमेंट-काँक्रीटचं अवाढव्य स्मारक होतं. चार मजली इमारतीएवढे सैनिक, जबडे आवळून समुद्राकडे बघत उभे. "ह्ये बघितल्याबिगर मी मरनार न्हाई," दाजींनी जाहीर केलं.

ताई भाकरी थापत होती. तिनं एवढंच विचारलं, "तिथं समुद्र हाय का?"

"आहे."

"मंग मी बी येते." समुद्र तिनं एकदाच पाहिला होता, मुंबईला एका लग्नाला जाताना, टॅक्सीच्या काचेतून. सिग्नल सुटला आणि समुद्र संपला.

अशी एकटीची सहल तिघांची झाली. दाजींच्या बॅगेत लाल झेंडा, ताईच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या खारोड्या. इस्तंबूलला विमान बदलून आम्ही स्मारकाच्या त्या गावात पोचलो तेव्हा मला फार आनंद झाला, कारण गावात कुणीच नव्हतं. हॉटेलांची शटर ओढलेली, आइस्क्रीमच्या गाड्या ताडपत्रीत गुंडाळलेल्या, किनाऱ्यावरच्या छत्र्या मिटून दोरीनं बांधलेल्या. भिंतीवर मांजरं ऊन खात बसली होती.

दाजी मात्र हिरमुसले. "संप हाय का काय गावात?"

"संप नाही, ऑफ सीझन आहे."

"आमच्या कारखान्याचा बी ऑफ सीझन असतोय. म्हून काय गाड्यासुदिक झाकून ठेवत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी स्मारकाकडे निघालो. चौकात एकच टॅक्सी उभी होती. आत झुबकेदार पांढऱ्या मिशांचा, दाजींच्याच वयाचा एक गृहस्थ पाव खात होता. दाजींनी त्याच्यापुढे मोबाईलवरचा फोटो धरला. त्यानं फोटो पाहिला, मान वर-खाली हलवली आणि म्हणाला, "ने, ने."

"बघा!" दाजी खूश. "मराठीत बोलतोय. ने म्हनतोय. बसा आत."

आम्ही बसलो. तो माणूस मागं वळून आणखी जोरात मान वर-खाली हलवायला लागला. "ने! ने!"

"आवो, न्यायचं तुमीच. चला की," दाजी म्हणाले.

बल्गेरियात होकाराला मान आडवी हलवतात आणि नकाराला वर-खाली, आणि 'ने' म्हणजे 'नाही', हे मी निघण्याआधी वाचलं होतं. पण वाचलेलं वेळेवर आठवेल तर ते वाचन कसलं! मला आठवलं तोवर दाजींनी पट्टा लावला होता, ताईनं त्याच्या हातावर खारोडी ठेवली होती आणि तो ती खाऊन बघत होता. त्यानं दोघांकडे एकदा पाहिलं, उरलेला पाव कागदात गुंडाळला आणि गाडी सुरू केली.

वाटेत कळलं की त्याला कामापुरतं इंग्रजी येतं. तो नाही का म्हणत होता, तेही कळलं. स्मारक कधीचं बंद आहे, आत जाता येत नाही, आणि असल्या थंडीत तिथं फक्त कुत्री जातात.

त्याचं खरं होतं. पायऱ्या चढून दम लागलेले आम्ही वर पोचलो तर दाराला गज आणि गजांना साखळी. सैनिकांच्या पायांवर पोरांनी रंगाचे फवारे मारून प्रेमाच्या कबुल्या लिहिल्या होत्या. एकाच्या बुटातून झुडूप उगवलं होतं. वारा असा, की दाजींची कानटोपी दोनदा उडाली आणि दोन्ही वेळा टॅक्सीवाल्यानंच धावत जाऊन आणली.

दाजींनी झेंडा काढला, दोन्ही हातांनी वर धरला आणि डोळे मिटून घोषणा दिली. उत्तर द्यायला तिथं तीन कुत्री होती, त्यांनी दिलं. दाजींनी डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. ते वाऱ्यानं आलं असं त्यांनी मला सांगितलं, मी मान्य केलं.

"त्याला इचारा," ते टॅक्सीवाल्याकडे बघून म्हणाले, "ह्ये असं का पडू दिलं? लाज न्हाई वाटत?"

मी इंग्रजीत विचारलं, "यांना वाटतं, देखभाल थोडी कमी पडली का?"

टॅक्सीवाला भडकला. "त्यांना सांगा, तरुणपणी मला इथं सिमेंट वाहायला आणलं होतं. कुणी मला विचारलं नव्हतं. घरी आजोबांची द्राक्षबाग सरकारनं घेतली होती, आणि केळी मिळायची ती नव्या वर्षाला, तीही रांग लावून. यांना एवढं प्रेम असेल तर हे घेऊन जा म्हणावं तुमच्या देशात!"

"काय म्हनतोय?"

"हे बांधायला ते स्वतः होते म्हणतात. कष्टाचं काम होतं. आणि केळी जरा कमी मिळायची."

"केळी?" दाजी गोंधळले. पण 'हे बांधायला होते' एवढं त्यांना पुरलं. त्यांनी झेंडा काखेत मारला, पुढं जाऊन टॅक्सीवाल्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "कामगार हाय! मला वाटलंच हुतं." टॅक्सीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "ते तुमचे आभार मानतायत." मग तो काँक्रीटच्या एका कोपऱ्यापाशी आम्हाला घेऊन गेला आणि तिथं हात ठेवून म्हणाला, "हा भाग आमच्या तुकडीचा. तडा नाही बघा कुठं." त्यानंतर दोघं तो कोपरा ठोकून बघत राहिले. दाजी मराठीत, तो बल्गेरियनमध्ये. सिमेंट, वाळू आणि मुकादमांविषयी त्यांचं एकमत असावं, कारण दोघंही एकाच वेळी शिव्या दिल्यासारखे बोलत होते. माझी गरज उरली नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ताई नाही.

पायऱ्यांवर नाही, टॅक्सीत नाही. बाकावर फक्त तिची पर्स आणि चटणीची बरणी. दाजींचा चेहरा पांढरा पडला. टॅक्सीवाल्यानं पायऱ्या चढून येणाऱ्या एका म्हातारबाबाला विचारलं, त्यानं समुद्राकडे बोट दाखवलं. आम्ही तिघं टेकडीवरून पळत सुटलो. दाजी एवढे पळू शकतात हे मला ठाऊक नव्हतं, बहुधा त्यांनाही नव्हतं.

किनाऱ्यावर ताईचे बूट, मोजे, स्वेटर आणि शाल नीट घडी करून ठेवलेले होते. आणि समुद्रात, कमरेपेक्षा वर पाण्यात, रंगीत टोप्या घातलेल्या चार म्हाताऱ्या बल्गेरियन बायांच्या मधोमध, दोघींचे हात धरून, पंजाबी ड्रेस फुगवत ताई उभी होती. लाट आली की पाचही जणी ओरडत होत्या.

"आगं ए!" दाजी पाण्याच्या कडेला नाचायला लागले. "बाहेर नीघ! गारठून मरशील!"

"लई गार हाय!" ताई आनंदानं ओरडली. "आन खारट बी न्हाई एवढं!"

"तुला कुनी सांगितलं आत जायला?"

"ह्या जात हुत्या. मी इचारलं, येऊ का? त्यांनी मान हलवली."

"कशी हलवली?" मी घाबरून विचारलं.

ताईनं मान आडवी हलवून दाखवली. "मला कळलं त्या व्हय म्हनत्यात. तोंडावरनंच कळतंय की."

टॅक्सीवाला वाळूत बसून हसत होता. त्या बायांनी तिला बाहेर आणलं, टॉवेलमध्ये गुंडाळलं, थर्मासमधला चहा पाजला आणि तिचे तळवे चोळले. रोज सकाळी त्या अशाच पाण्यात उतरतात म्हणे, बारा महिने. फक्त उन्हाळ्यात त्यांना आवडत नाही, कारण तेव्हा पर्यटक येतात. त्या चौघींच्या गळ्यात पडावंसं मला वाटलं.

दाजींच्या यादीत आणखी दोन स्मारकं होती, डोंगरातली. ती राहिली. उरलेल्या सगळ्या सकाळी ताई पाण्यात गेली. दुसऱ्या दिवशी मीही गुडघ्यापर्यंत गेले, किंचाळले आणि परत आले. दाजी काठावर टॅक्सीवाल्याशेजारी बसून असायचे, ताईचा स्वेटर सांभाळत. वाऱ्यानं गार पडू नये म्हणून तो त्यांनी आपल्या जाकिटाच्या आत घातलेला असायचा. मधूनच दोघं कशावरून तरी भांडायचे. नक्की कशावरून, ते मी कधी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी टॅक्सीवाल्यानं आम्हाला बसस्टँडवर सोडलं आणि दाजींना मिठी मारली. दाजींनी त्याला झेंडा द्यायला काढला. त्यानं मान वर-खाली हलवली, "ने, ने." दाजींनी तो मुकाट्यानं घडी करून परत बॅगेत ठेवला. मग ताईनं उरलेल्या खारोड्या पुढं केल्या. त्या मात्र त्यानं पिशवीसकट घेतल्या.