विजयाताईंनी सभा मोडू दिली नाही

विजयाताई तळेकरांना मी प्रथम पाहिले ते काळाचौकीच्या एका मंडळाच्या सभागृहात. भिंतीला गणपतीचे जुने मखर टेकवलेले, मध्ये दोन संगणक आणि सतरंजीवर बसलेली वीसेक तरुण माणसे. हा क्लास नव्हता. आसपासचे प्रोग्रामर रविवारी दुपारी जमत आणि कामात अडलेले, नव्याने उमगलेले एकमेकांना दाखवीत. नोकरी सांभाळून ताईंनीच हा मित्रगट उभा केला होता. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत शंका विचारू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "मराठीत विचार रे. चूक कुठल्याही भाषेत सापडते." माझी भीड तिथेच गेली.

ताईंचे वडील गिरणीत साचेखात्यात, मागावर होते. संप लांबला, ताईंचे कॉलेज सुटले आणि त्या फोर्टातल्या एका कचेरीत संगणकावर आकडे भरायला लागल्या. तिथल्या सहकाऱ्यांनी त्यांना जेवणाच्या सुट्टीत प्रोग्रामिंग शिकवले. आपल्याला शिकवताना कुणी जात-गाव विचारले नाही, ही गोष्ट त्या कधी विसरल्या नाहीत.

म्हणूनच एका रविवारी जे घडले ते सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्यापुढे राघवन नावाचे अनुभवी प्रोग्रामर बोलत होते. ते सायनला राहत. मंडळाचे कार्यवाह बाळाभाई दहा-बारा पोरे घेऊन आत आले. गिरण्या बंद पडून घरोघर तरणीताठी माणसे बसून होती. त्यांचा राग खोटा नव्हता.

"ताई, हा मद्राशी आधी उठेल," बाळाभाई म्हणाले. "आमच्या पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि आमच्याच हॉलमध्ये तुम्ही बाहेरच्यांना मान देता?"

"ते शिकवायला आलेत, बाळाभाई. तुमची पोरंही बसू देत. जागा आहे."

"तुमचे बाबा संपात होते. तुम्हाला तरी कळायला हवं."

"होते ना. त्यांच्या शेजारच्या साच्यावर तेलुगू माणूस होता. संप दोघांनी केला, उपाशीही दोघं राहिले. त्यांच्यातला बाहेरचा कोण, ते सांगा."

एका पोराने टेबलाला लाथ घातली, संगणक हलला. आमच्यातले तिघे-चौघे चपला शोधू लागले. राघवन यांनीही पिशवी उचलली. ताई दारापाशी उभ्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "राघवन, बसा. तुमचं बोलणं पुरं झालेलं नाही."

बाळाभाईंनी मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले, संगणकांचे पडदे काळे झाले. ताईंनी फळ्याखालचा खडू उचलून राघवन यांच्या हाती दिला. राघवन यांची पहिली ओळ वाकडी आली, तरी ते लिहीत राहिले. उरलेले आम्ही घामाने भिजत ऐकत राहिलो आणि ती पोरे भिंतीला पाठ लावून आमच्याकडे पाहत राहिली. कुणी अंगावर आले नाही. पण कुठल्या क्षणी येतील, हे शेवटपर्यंत कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे सभागृह हातचे गेले, ते कायमचेच. काही सभासदांनी येणे सोडले. ताईंनी त्यांना एका शब्दाने दुखावले नाही. "त्यांना घरी जाब द्यावा लागतो," एवढेच त्या म्हणाल्या. पुढची कित्येक वर्षे गट त्यांच्या चाळीतल्या खोलीत भरला. माणसे वाढली की गॅलरीत बसत. राघवन तिथेही येत राहिले. मंदीत माझी नोकरी गेली तेव्हा ताई रोज संध्याकाळी फोन करीत. सांत्वन नाही, "आज काय नवं लिहिलंस?" एवढाच प्रश्न. उत्तर देता यावे म्हणून मी रोज काहीतरी लिहीत असे, आणि त्यातूनच मला पुढचे काम मिळाले.

त्या दुपारी भीती वाटली नाही का, असे मी एकदा त्यांना विचारले. त्या हसल्या. "अरे, पाय लटपटत होते माझे. साडी होती म्हणून कुणाला दिसलं नाही."

आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत. गुडघे कुरकुरतात, तरी परळच्या आमच्या सध्याच्या जागेचे तीन जिने त्या चढतात आणि मागच्या बाकावरून आमच्या चुका काढतात. त्यांना उदंड, निरामय आयुष्य लाभो. आमच्या चुका काही इतक्यात संपणार नाहीत. ताईंनी त्या संपेपर्यंत काढीत राहाव्यात.