अर्ध्यावर राहिलेलं गाऱ्हाणं

आमच्या गावच्या घरी गणपतीसमोर गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा. थोरल्याने सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्या वर्षी बाबांच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कोकणचा प्रवास बंद केला. काका म्हणाले, "दादा, फोनवरून घाल." बाबांना बरं वाटलं.

मुंबईत चारकोपच्या आमच्या घरात त्या दुपारी बाबा धोतर नेसून मोबाइलसमोर बसले. गावी काकांनी फोन मूर्तीसमोर धरला होता. पहिल्या दोन वाक्यांना पलीकडून व्हय आलं. तिसऱ्याला आलं नाही, चौथ्यालाही नाही. पडद्यावर नुसती मूर्ती. चित्र थांबलंय हे कळणार कसं? बाबा थांबले. "त्यांका माझा गाऱ्हाणा नको आसा," म्हणाले आणि आत जाऊन पडले.

नेट गेलं असेल, असं आईने म्हणून पाहिलं. पण वायफायची खूण पूर्ण भरलेली होती. मी तर आगीत तेलच ओतलं. घर काका सांभाळतात, आता मानही त्यांनाच हवा असणार, हे माझे शब्द. काकांचा लगेच फोन आला, तो बाबांनी घेतला नाही. नंतरचेही घेतले नाहीत. शिमग्याच्या आधी काकी वारली, तेव्हा बाबांनी मला एकटीला पाठवलं. मी काकांशी कामापुरतं बोलून परत आले. आपण कसं ताठ वागलो, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

श्रावणात मला घरून काम करायची मुभा मिळाली. पहिल्याच मीटिंगमध्ये आईने मायक्रोवेव्हमध्ये भाजी ठेवली आणि समोरचे चेहरे थिजले. मायक्रोवेव्ह थांबला, चेहरे हलले. वायफायचा डबा त्याच्या शेजारीच होता. मी आईला विचारलं, गाऱ्हाण्याच्या वेळी तू काय करत होतीस?

"यांचं जेवण गरम करत होते. गाऱ्हाणं घालून उठल्या उठल्या लागतं ना त्यांना."

बाबांना स्वयंपाकघरात आणून बसवलं, काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. "काका, बोलत राहा," म्हणत मी मायक्रोवेव्हमध्ये पाणी ठेवून बटण दाबलं. काकांचं तोंड अर्धवट उघडंच राहिलं, आवाज तुटला. बंद केलं तेव्हा ते म्हणत होते, "आमी सगळे व्हय म्हणत होतंव, दादा. तूच मधी गप झालंस."

मला माझीच लाज वाटत होती. काकांच्या मागे ओटा दिसत होता, त्यावर एकच ताट पालथं घातलेलं. बाबा त्याच्याकडे बघत होते.

"तुका जेवाण कोण करता?" त्यांनी विचारलं.

"मीच करतंय."

बाबांनी मान खाली घातली. काकी जाऊन सहा महिने झाले होते आणि हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.