मॉनिटरची पाठ

बाबा ऑफिसातून आले की बूट काढायच्याही आधी मॉनिटरच्या पाठीवर तळहात ठेवायचे. पाठ गरम लागली, की मी अभ्यास सोडून गेम खेळलो हे पक्कं. मग मी शक्कल काढली. ते यायच्या अर्धा तास आधी मॉनिटर बंद करून मागून टेबल फॅन लावायचो. त्यानंतर कधीच पकडला गेलो नाही.

तो टीव्हीएवढा जाडजूड मॉनिटर अजून माझ्याकडे आहे. आमच्या भंवरकुआं भागातला रिपेअरवाला म्हणतो, "भिया, कबाड में दे दो." भंगारात देणार नाही. त्या काचेवर गेममधली गाडी जशी पळते, तशी आजच्या चपट्या पडद्यांवर पळतच नाही. रिटायर झाल्यापासून बाबाही ती पळवतात.

गेल्या आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस गेम बंद, असं मी त्यांना बजावलं. काल ऑफिसातून आलो, तर बाबा पलंगावर शहाण्यासारखे पडलेले. मी मॉनिटरच्या पाठीला हात लावला. थंडगार. बाबा मात्र घामाघूम, कारण टेबल फॅन मॉनिटरकडे तोंड करून फिरत होता.

ही शक्कल मी त्यांना कधीच सांगितली नव्हती.