अय्यूबशेठचा कारीगर

अय्यूबशेठ गेले तेव्हा अख्खी गल्ली म्हणाली, काय देवमाणूस होता! मला हसू आलं. मयताच्या घरासमोर हसले म्हणून माझ्या सुनेने डोळे वटारले. वटार बाई. त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर माझं फॉल-पिकोचं मशीन हाय, सगळा जन्म त्यांना शेजारून बघितलंय मी. देव होता की काय होता ते मला विचारा.

भिवंडीत लूमचं सामान घ्यायचं तर लोक त्यांच्याकडे यायचे. धोटे, बॉबिन, पट्टे, सगळं मिळायचं. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा आणि बोलणं असं अस्सल कोकणी, की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यांच्या सात पिढ्या मुरुडच्या बंदरावर गेल्या असतील. सांगायचेही तसंच. "आमच्या आजोबांची गलबतं होती, शेवंताबाई." कसली गलबतं न् कसलं काय! हा माणूस आझमगढकडचा, विणकराचा पोरगा. समुद्र पहिल्यांदा बघितला तो इथे आल्यावर.

दोघं भाऊ आले होते गावाकडून. थोरला बरकत, धाकटा अय्यूब. आईबाप नव्हते. बरकत टेमघरच्या कारखान्यात लूमवर लागला, डबल शिफ्ट करायचा आणि तिथेच मशीनमागे ताग्यांवर झोपायचा. का? तर धाकट्याने शाळा शिकावी, लूमच्या धुळीत मरू नये. दुकानासाठी पागडी द्यायची वेळ आली तेव्हा आईच्या गळ्यातली चांदीची हसली पेटीतून काढून विकली त्याने. स्वतः लग्न केलं न्हाय. असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

मग धाकट्याचं नशीब उघडलं. मेहरुन्निसाभाभी म्हणजे इथल्या जुन्या व्यापारी घरातली लेक. कोकणी लोक, आपली पोर परगावच्या विणकराला देतील होय? अय्यूबने मुरुड सांगितलं, गलबतं सांगितली. लग्नात वडीलधारं कुणी पाहिजे म्हणून कुठलासा एक म्हातारा चुलता म्हणून आणून बसवला. आणि सख्खा भाऊ? तो पाहुण्यांना पाणी वाटत होता. सासऱ्याने विचारलं, हा कोण? नवरदेव म्हणाला, "आमचा कारीगर हाय. जुना माणूस."

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मीही बरकतला कारीगरच समजत होते. ईदला यायचा, कधी घरी न्हाय, दुकानातच. बाहेरच्या लाकडी खोक्यावर बसायचा. शेठचा पोरगा अरशद तेव्हा लहान होता. एकदा त्याने पाय पुढे केला न् म्हणाला, "ए बरकत, बूट पूस." बरकतने खांद्यावरच्या फडक्याने पुसले, आणि पुसताना पोराच्या पोटरीवरून असा हात फिरवला की मला नवल वाटलं. गल्ल्यावर बसलेला बाप पेपर वाचत होता.

कळलं ते बोटं तुटली तेव्हा. बरकतचा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात गेला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. तसाच फडकं गुंडाळून तो दुकानावर आला, दुसरीकडे जाणार कुठे बिचारा? अय्यूबशेठने बघितलं मात्र, ओट्यावरून उडी टाकली. "भइया! ई का भइल, भइया!" मुरुडची भाषा न्हाय हो ही! तो हात छातीशी धरून लहान पोरासारखे रडत होते. माझ्या हातातली साडी तशीच राहिली.

तेवढ्यात कोपऱ्यावरून भाभींचा भाऊ येताना दिसला. शेठने हात सोडला. सदरा झटकला. आणि ज्या तोंडाने आत्ता भइया म्हटलं त्याच तोंडाने म्हणाले, "कारखान्यातला माणूस हाय. ए, दवाखान्यात जा! दुकानापुढे रक्त सांडू नको."

बरकत म्हणाला, "जी, सेठ." आणि चालत गेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेव्हणा गेल्यावर मी शेठला काय न्हाय ते बोलले. त्यांनी हात जोडले. "शेवंताबाई, पाया पडतो, तोंड उघडू नका. माझं घर मोडेल." मी म्हटलं, आम्ही बौद्धवाड्यातली माणसं, आम्हाला लोकांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं ते ऐकलंय, भोगलंय. पण सख्ख्या भावाने भावाला ठेवलेलं पहिल्यांदा बघते! तरी मी गप्प बसले, कारण बरकतनेच येऊन गावापासूनचं सगळं सांगितलं न् म्हणाला, "बाई, उसका घर मत तोडना. मेरे को क्या, मैं बाहर बैठने को राजी हूँ."

पुढे कारखाना बंद पडला. बरकत कशेळीला एका गोडाऊनवर वॉचमन लागला. अय्यूबशेठने तिमजली घर बांधलं. अरशद दुकान बघू लागला, त्याची पोरगी अदीबा लग्नाला आली. आणि शेठला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

मी बघायला गेले. मला बघितल्याबरोबर त्यांनी डावा हात वर केला. करंगळी आणि शेजारचं बोट मिटलेलं, बाकी तीन बोटं ताठ. डोळ्यांतून पाणी. पुन्हा पुन्हा तेच.

"दिवसभर हेच चाललंय," भाभी म्हणाल्या. "तीन वाजले का विचारतायत बहुतेक."

मला तिथेच रडू फुटलं. मी कानाशी वाकले न् म्हटलं, "शेठ, आणते त्याला." त्यांनी माझं मनगट असं धरलं की सोडवेना.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून कशेळीला गेले. बरकतने ऐकलं आणि गेटची चावी जोडीदाराकडे फेकली. वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकलो तर सारखा विचारत होता, मी घरात जाऊ ना? आतपर्यंत जाऊ ना? चांगला शर्ट घालायला पाहिजे होता का?

घरापुढे गाड्या उभ्या. अदीबाच्या मंगनीची बोलणी करायला पाहुणे आले होते, बडं कोकणी घर. मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरलो तर अरशद आडवा आला.

"मावशी, ह्याला आज कुठे आणलंत?"

"ह्याला? अरे, तुझा सख्खा चुलता हाय हा! तुझ्या बापाचा भाऊ! तो बिचारा जाताना ह्याचं तोंड बघायला मागतोय."

वाटलं, पोरगा चक्कर येऊन पडेल. तो नुसता दाराकडे बघून हळू बोलला, "माहीत हाय मला."

"काय?"

"अम्मीलापण माहीत हाय. लग्नाच्या दिवसापासून. दोघांचे कान बघितले न्हाय का तुम्ही कधी?"

भाभी ओट्यापाशी सरबत ढवळत होत्या. हात थांबला न्हाय त्यांचा.

मी म्हटलं, "मग ती बोटं? तीन वाजले म्हणत होतात ती?"

"कळलं होतं," भाभी म्हणाल्या. "त्यांनीच जन्मभर हे चालवलं. आता माझ्या नातीच्या वेळेला उघडं पाडू?"

बाहेरच्या खोलीतून पाहुण्याने आवाज दिला, कोण आलंय हो? मधल्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावरून शेठना आम्ही दिसत होतो. त्यांचा डावा हात वर गेला, दोन बोटं मिटलेली, आणि घशातून गुरासारखा आवाज.

अरशद वळला न् मोठ्याने म्हणाला, "कारखान्यातला माणूस हाय. मदत मागायला आलाय." मग बरकतला म्हणाला, "चल, नंतर ये."

तो हात तसाच वर होता. बरकतने भावाकडे बघितलं, नीट, डोळे भरून बघितलं. मग पुतण्यापुढे मान झुकवली. "जी, सेठ."

पलंगावरचा हात खाली पडला. भाभींनी जाऊन मधलं दार लावून घेतलं.

रिक्षात बसल्यावर मी शिव्यांची लाखोली वाहिली. पोराला, भाभींना, त्या पाहुण्यांना. किडे पडतील म्हटलं. बरकत ऐकत होता. मग हळूच विचारलं, "बाई, उसने सुना ना? लडके ने उसी की बात बोली, वो सुना ना उसने?"

"ऐकलं. बघितलं पण."

"अच्छा हुआ," बरकत म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो हसत होता. जन्मात त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. आठ दिवसांत शेठ गेले, निरोप मी पाठवला, तर कशेळीहून उलट निरोप आला की बरकतची ड्युटी हाय, सुट्टी मिळत न्हाय.