पाठीमागचा हात

माझी धाकटी बहीण नाचते, असं मी लोकांना सांगायचे आणि लगेच पस्तावायचे. कारण पुढचा प्रश्न ठरलेला: कुठलं नृत्य? आता काय सांगणार, कपाळ! एकदा ती तासभर भिंतीला पाठ घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेली. त्याच भिंतीवर तिचाच सिनेमा चालू होता आणि त्यातली ती उलट्या बाजूने येत होती. दोघी मधोमध भेटल्या आणि दिवे गेले. लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा मी शेजारच्या बाईंना विचारत होते, संपलं का हो?

मला त्यातलं कळत नसे, पण माझी सुटका नव्हती. मी शिवणकाम करते आणि त्यांच्या गटाचे कपडे माझ्याकडेच यायचे. राखाडी, काळे, नाहीतर मळकट पांढरे. एकदा तरी मला लाल काहीतरी शिवू द्या म्हटलं, तर गटाच्या मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शिवीच दिली. मास्तर म्हणजे गटाचे प्रमुख. सगळं त्यांच्या डोक्यातून निघायचं आणि आमच्या डोक्यावर बसायचं. माणूस तसा वाईट नव्हता, फक्त साधं वाक्य बोलायची सवय सुटली होती.

धाकटीचा नवरा त्याच गटात. कॅमेरे, पडदे, वायरींचं जंजाळ, सगळं त्याच्याकडे. आई गेल्यावर धाकटीला मीच वाढवलं, त्यामुळे मी त्यांना जावई म्हणते आणि ते मला ताई. भला माणूस. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. काही बिनसलं की बोलायच्या ऐवजी वायरी गुंडाळत बसायचे, एवढीच काय ती खोड.

तालमीचा हॉल म्हणजे बंद पडलेला छापखाना. खाली फळ्यांचा चौथरा घातलेला. चार जण पाय आपटून नाचायला लागले की सगळा चौथरा हादरायचा, त्यावरचा कॅमेरा हादरायचा आणि मागच्या पडद्यावरचं चित्र असं थडथडायचं की बघणाऱ्याला मळमळावं. त्यावर जावयांनी इलाज काढला होता. कॅमेऱ्यातून येणारं चित्र आधी त्यांच्या कॉम्प्युटरमधून जायचं. तिथला प्रोग्राम चित्रातली थरथर तेवढी पकडून काढून टाकायचा आणि मग ते पडद्यावर यायचं. त्याला ते नुसतं ‘स्थिर’ म्हणायचे. स्थिर चालू, स्थिर बंद. भाजीत मीठ घालावं तितक्या सवयीने ते स्थिर चालू करून टाकायचे.

आणि मग धाकटीचा उजवा हात कापायला लागला.

आधी आम्ही म्हटलं, थकवा असेल. मग म्हटलं, खात नाही नीट. डॉक्टरीणबाईंनी तिला कागदावर गोल गोल काढायला लावलं, चालायला लावलं, बोटं आपटायला लावली आणि कंपवात म्हणून सांगितलं. हळूहळू वाढेल, म्हणाल्या. किती हळूहळू, ते त्यांनाही सांगता येईना. माझ्या पायांखालची जमीनच सरकली. धाकटी मात्र शांत. बाहेर आल्यावर तिने उजवा हात पाठीमागे नेला आणि डाव्या हाताने माझा दंड धरून मला जिन्यावरून खाली आणलं. आजारी ती, आणि हातपाय गाळले मी.

तेव्हापासून तो हात पाठीमागेच. दुकानात, रस्त्यात, तालमीत, कुणाशी बोलताना. लोकांना वाटायचं, ऐट आली बाईंना. आणि घरात? घरात जावयांनी तो हात बघायचंच सोडून दिलं. मी त्यांच्याकडे जेवायला गेले की मला दिसायचं. तिचा पेला आधीच अर्धा भरलेला. तिच्यासमोरची पोळी आधीच तुकडे केलेली. सगळं करायचे हो, काही कमी नाही. पण ती चमचा उचलायला लागली की हे उठून पाणी आणायला जायचे. पाणी समोर असलं तरी.

एक दिवस ती माझ्या शिवणाच्या दुकानात आली, मशीनसमोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, तिला आता शेवटचं एकच करायचंय. मास्तरांचं नाही, तिचं स्वतःचं. मग तिने समजावून सांगितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं काहीतरी कळलं. ती लोकांकडे तोंड करून उभी राहणार. उजवा हात पाठीमागे, नेहमीसारखा. अंगावर मंद उजेड. पाठीमागे कॅमेरा, फक्त त्या हातावर. आणि तो हात मागच्या पडद्यावर भिंतीएवढा. ती नुसती उभी राहून फार हळू गुडघ्यांत वाकत जमिनीपर्यंत जाणार आणि जे ती रोज सगळ्यांपासून लपवते, ते सगळ्यांना दिसणार.

“एकदा बघू दे सगळ्यांना,” ती म्हणाली. “मग मी घरी बसते. मला लपवून लपवून कंटाळा आलाय, ताई.”

मी म्हटलं, लोक कीव करतील. करू देत, म्हणाली. बघून कीव करू देत, न बघता करतात ती मला नको आहे. मी मापं घ्यायला उठले. समोरून साधा राखाडी झगा. मागे कमरेपाशी काळंभोर, न चकाकणारं कापड, हात त्यावर उठून दिसावा म्हणून. ते कापड मिळवायला मी तीन बाजार पालथे घातले आणि रंग बरोबर नाही म्हणून दोनदा परत केलं, दुकानदार वैतागला.

तालमीत या भागापुरतं स्थिर बंद ठेवायचं, हे ठरलंच होतं. त्याशिवाय अर्थच नव्हता. कापणाऱ्या हातातलं कापणंच काढून टाकलं तर उरलं काय? धाकटी रोज घरून निघताना त्यांना सांगायची, स्थिर बंद. ते म्हणायचे, हो. मीही दोनदा सांगितलं. मलाही हो म्हणाले.

पहिल्यांदा तो हात पडद्यावर बघितला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्या तशाच राहिल्या. तिचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, थांबत नव्हती. मनगट उडत होतं. एखादं पाखरू मुठीत धरल्यावर आतून धडपडतं, तसं. इतकी वर्षं मी तिला जवळून बघते म्हणत होते, आणि हे मी बघितलंच नव्हतं. मी तिथेच हमसून रडले. मास्तरांसारखा माणूस, तोही रुमाल शोधायला लागला. फक्त वर लोखंडी जिन्याच्या टोकाला, त्यांच्या केबिनमध्ये, जावई मान खाली घालून बटणांकडे बघत बसले होते. मला वाटलं, कामात आहेत.

प्रयोग त्याच हॉलमध्ये, एका रविवारी संध्याकाळी होता. खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे. पहिल्या भागात बाकीच्यांचा तो दणादण नाच, चौथरा हादरत होता, पण पडद्यावरचं चित्र झकास, हलायचं नाव नाही. स्थिर चालू होतं, असायलाच हवं होतं. मग दिवे मंद झाले आणि धाकटी येऊन उभी राहिली.

मी मागच्या दाराशी उभी होते. पडदा उजळला. भिंतीएवढा हात आला, काळ्या कापडावर. आणि तो हात शांत होता.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला वाटलं, बरी झाली. वेडी आशा, दुसरं काय. पोटातून असा आनंद उसळला की मी तोंडावर हात ठेवला. मग माझी नजर खाली धाकटीकडे गेली. तिचा उजवा खांदा हलत होता. झग्याची बाही थरथरत होती, माझीच शिलाई, मला लांबूनही कळत होतं. म्हणजे हात कापत होता. फक्त पडद्यावर कापत नव्हता. तिची पाठ पडद्याकडे, तिला काय दिसणार? ती आपली समाधानाने समोर बघत उभी होती. आता सगळ्यांना दिसतंय, या भरवशावर.

मी जिना कशी चढले, माझं मला ठाऊक. गुडघे आधीच कामातून गेलेले. वर पोचले तर जावई बसलेले, आणि या वेळी मान खाली नव्हती. ते पडद्याकडे बघत होते. त्यांचं बोट बटणावर होतं.

मी कुजबुजले, अहो, स्थिर बंद करायचं राहिलं. त्यांनी मान हलवली. राहिलं नव्हतं.

“बघा ना, ताई,” ते म्हणाले. “पूर्वीसारखा दिसतोय.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि त्याच वेळी मला त्यांच्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटत होता. काय करावं अशा माणसाचं? मी म्हटलं, दाबा. दोनदा म्हटलं. त्यांनी बोट काढून घेतलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग मी स्वतःच पुढे झाले, पण तिथे ढीगभर बटणं, आणि एकावरही अक्षर नाही. चुकीचं दाबलं आणि सगळा हॉल अंधारात गेला तर? माझं शिवणयंत्र असतं तर डोळे मिटून चालवलं असतं. मी नुसती उभी राहिले. खाली धाकटी जमिनीला टेकली, दिवे गेले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

प्रयोगानंतर प्रेक्षकांशी गप्पा मारायची त्यांच्या गटात पद्धत आहे. खुर्च्या मांडतात, माईक फिरतो, लोक प्रश्नाच्या नावाखाली भाषण करतात. धाकटी मधल्या खुर्चीत बसली होती. तिचा चेहरा मी इतका मोकळा कित्येक दिवसांत बघितला नव्हता. मी तिच्याजवळ जाऊन सांगायच्या आत एका गृहस्थांनी माईक घेतला. म्हणाले, तुमच्या आजाराबद्दल ऐकून होतो, पण आज तो हात बघितला आणि धन्य झालो. केवढा ताबा. केवढी शांतता. आजारावर मनाने मिळवलेला विजयच हा. त्यावर पुन्हा टाळ्या.

धाकटीने आधी हसून मान डोलावली. मग तिला शब्द पोचले. तिने मास्तरांकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली. मग तिने वर, केबिनच्या काचेकडे बघितलं. बराच वेळ बघत होती.

माईक तिच्या डाव्या हातात होता. तिने तो उजव्या हातात घेतला. तो तिच्या दातांवर आपटला आणि सगळ्या हॉलमध्ये टक टक टक आवाज घुमला.

“तो माझा हात नव्हता,” ती म्हणाली. “माझा हा आहे. बघा.”

माईक मांडीवर ठेवून तिने हात समोर धरला, उजेडात. आणि काय सांगू, जी माणसं तासभर डोळ्यांची पापणी न हलवता पडदा बघत होती, त्यांनी माना खाली घातल्या. कुणी बूट बघत होतं, कुणी पिशवी चाचपत होतं. त्या गृहस्थांनी तर चष्मा काढून पुसायला घेतला. मला एकेकाची हनुवटी धरून वर करावीशी वाटत होती. मास्तरांनी उठून सगळ्यांचे आभार मानले, चहा बाहेर ठेवलाय म्हणाले, आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज सुरू झाला. धाकटीचा हात अजून समोरच होता.

मी तिला कपडे बदलायच्या खोलीत नेलं. पाठीवरच्या गुंड्या मीच काढल्या, तिला आता जमत नव्हत्या. मी जावयांना वाटेल ते बोलत होते, जे तोंडाला येईल ते. ती मध्येच म्हणाली, लोकांचं सोड गं. लोकांनी नाही बघितलं तरी चाललं असतं. मला वाटलं, पडद्यावर एवढा मोठा आला की तो तरी बघेल. त्याला तिथून उठून जाता येणार नाही ना.

मग मला कळलं की हा सगळा घाट कुणासाठी घातला होता.

तेवढ्यात ते दारात आले. हातात तिचा कोट. आत यावं की नाही, अशा अवस्थेत उभे. धाकटी स्टुलावर बसल्या बसल्या वळली आणि तिने उजवा हात त्यांच्यापुढे केला. रागाने नाही. मागितल्यासारखा.

“बघ,” म्हणाली.

ते आले. तिच्यासमोर खाली बसले. कोट बाजूला ठेवला आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन इतका आवळून धरला की त्याचं कापणं थांबलं. कपाळ त्यावर टेकवलं, डोळे गच्च मिटलेले. त्यांचे खांदे गदगदत होते आणि ते पुन्हा पुन्हा तिचं घरातलं नाव घेत होते.

ती त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत टिपूसही नव्हतं.

“सोड,” ती म्हणाली. “अरे, सोड ना. दिसू दे.”

त्यांनी सोडला नाही.